कोथरूडचा पार्किन्सन्स नृत्यवर्ग: ठेका पक्का, फरशी कच्ची

सोमवार आणि गुरुवार, सकाळी ११ ते सव्वाबारा. कोथरूडमधल्या एका कार्यालयाचा तळमजल्यावरचा हॉल, पंधरा-सोळा शुभार्थी (म्हणजे पार्किन्सन्स झालेली माणसं), एक शिक्षिका, दोन मदतनीस आणि एक तबलजी. स्पीकरवर गाणी लावून भागवता आलं असतं, पण तबलजी ठेवलाय, आणि या वर्गाने निम्मी बाजी तिथेच मारली आहे.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. चालणं, वळणं, उठणं या एरवी विचार न करता होणाऱ्या हालचालींचा आतला ठेका त्यामुळे सुटतो. बाहेरून ठेका मिळाला की पाऊल त्याचा आधार घेऊन उठतं. गुरुवारी केरवा ताल चालू असताना एक काका दारापाशी थबकले, पाय फरशीला चिकटल्यासारखे. (अरुंद दार, वळण आणि गर्दी या तीन जागी हे हमखास होतं.) मदतनीस मुलीने त्यांना ओढलं नाही, ओढलं की धड पुढे जातं, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. ती म्हणाली, "काका, थांबा. आधी डावीकडे भार, मग उजवीकडे. आता समेवर पिवळी पट्टी ओलांडा." तबलजीने लय उतरवली, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ठसठशीत दिली, काका निघाले. रेकॉर्ड कुणासाठी थांबत नाही.

अशा वर्गांचा सर्वांत परिचित नमुना न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. तिथे मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये सुरुवात केली, आणि पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी शुभार्थींना घेऊन हे काम केलं. या वर्गाचा साचा तोच आहे, आधी खुर्चीत, मग खुर्चीमागे धरून उभं राहून, शेवटी चालत. मालमसाला मात्र कथक आणि लेझमीचा.

खुर्चीतली ३५ मिनिटं सर्वांत भरीव. खुर्च्या हाताच्या, जड, बिनचाकाच्या. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची उठताना जोर दिला की मागे सरकते. हस्तमुद्रा घेतात: मुष्टीतून पताक, पताकातून अलपद्म, एकेक बोट सुटं करत. या आजारात हालचाल आखडत जाते आणि करणाऱ्याला मात्र ती पुरेशी मोठी वाटते, म्हणून शिक्षिका सारखी सांगते, "ताटाएवढा नको, परातीएवढा हात!" "ता थेई थेई तत" ची पढंत (नाचाचे बोल तालात म्हणणं) मोठ्याने करून घेतात, ते आवाज बसत जातो म्हणून. अद्भुत रसाला भुवया वर चढवणं हा थिजलेल्या चेहऱ्याचा व्यायाम. लेझीम तर नामी युक्ती: कुठला हात मागे पडतोय ते झांजाच सांगतात, त्या बाजूला आवाज उशिरा येतो.

कथकच्या वर्गात चक्कर नाही, हे कुणाला खटकेल. पण एका पायावर गर्रकन फिरणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. इथे पायाखाली घड्याळ कल्पून १२, ३, ६, ९ अशा पावलांनी वळवतात, तेच बरोबर.

आता खटकलेलं. खुर्चीतून थेट उभं करतात, ही सगळ्यांत मोठी चूक. या आजारात आणि त्याच्या गोळ्यांनीही उठताना रक्तदाब उतरू शकतो. मिनिटभर बसल्या बसल्या टाचा-चवडे आपटून मग उठवायला हवं. दुसरं, शेवटच्या दहा मिनिटांत शिक्षिकेला रंग चढतो आणि लय द्रुतावर जाते. मग पावलं तोकडी होतात आणि माणसं पुढे झुकून धावत सुटल्यासारखी चालतात. लय प्रत्येकाच्या नेहमीच्या चालीइतकी किंवा किंचित वर, त्याहून जास्त नको. गोलात चालताना पढंतही करायला लावतात. नवख्यांचं लक्ष बोलांत गेलं की पाय हरवतात. महिनाभर तरी बोल बसून आणि चाल मुकाट्याने असं ठेवावं.

फरशी गुळगुळीत, त्यात अकराच्या जरा आधी पुसलेली. शिवाय चालण्याच्या भागात सतरंजी अंथरतात, तिच्या कडा वळलेल्या. घासत चालणाऱ्याचा पाय नेमका तिथेच अडकतो. सतरंजी काढायला सांगा, बिनदिक्कत. पायात नुसते मोजे किंवा चपला नकोत, आणि जाड रबरी तळाचे बूटही नकोत, ते फरशीला धरून बसतात. पातळ तळाचा, टाच बंद असलेला जोडा बरा. पुढच्या दारी तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही; मागच्या फाटकाला उतार आहे, रिक्षा तिथेच सोडा. गणपतीत हॉल मंडळाकडे जातो, वर्ग बंद.

वेळेचं गणित आधी जमवा. पार्किन्सन्सवरची लेवोडोपाची गोळी साधारण अर्ध्या-पाऊण तासाने लागू पडते, आणि डाळ-अंडं-दुधाचं भरपूर खाणं गोळीसोबत झालं तर काहींना उशिरा. ज्यांची गोळी आठला आणि बाराला असते त्यांचा जोर नेमका चालण्याच्या भागात ओसरतो. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदला, मनाने नाही.

वारंवार पडणाऱ्यांनी पूर्ण वर्ग खुर्चीतच करावा. शिक्षिका हसतमुखाने करू देते. नृत्याने आजार हटत नाही, असा दावा इथे कुणी करतही नाही. टँगोवरच्या २००९ च्या एका अभ्यासात १३ आठवड्यांत २० तासांच्या सरावानंतर तोल सुधारल्याचं दिसलं होतं. म्हणजे दोन-तीन वेळा येऊन निकाल लावू नका.

लेझीम वर्गातली मिळते, लाकडी दांड्याची हलकी. माळ्यावरची शाळेतली लोखंडी नेऊ नका, पाच मिनिटांत मनगट भरून येतं.