जून ते मार्च, कोल्हापूर: निसर्गचित्राची पाच-सहा माध्यमं वापरल्यानंतर

पहिल्या वर्षाची मुलं विचारतात, "निसर्गावर काम करायचंय, कोणतं माध्यम घेऊ?" मी उलट विचारते, "महिना कोणता?" त्यांना ती टाळाटाळ वाटते, पण माझं उत्तर खरंच तेवढंच आहे. कॉलेजात माध्यमं सत्रानुसार येतात. झाडं आणि हवा ते वेळापत्रक पाळत नाहीत. रंकाळा आणि पन्हाळ्याच्या आसपासची पानं, साली, वेली एवढाच विषय धरून मी पावसाळा ते उन्हाळ्याची सुरुवात असं काम केलं. यूट्यूबवरचे बरेचसे व्हिडिओ कोरड्या हवेच्या देशातले. त्यांच्या "दहा मिनिटं वाळू द्या"चा अर्थ आमच्याकडे जुलैत "उद्या या" असा होतो.

जलरंग पावसाळ्यात नकोत असं सगळे सांगतात, मला तसं वाटत नाही. वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर, लवकर वाळत नाही हीच तर ओल्यावर ओलं काम करायची संधी. पावसात रंकाळ्याचा पलीकडचा काठ विरघळल्यासारखा दिसतो, तो जुलैत कागदावर जवळजवळ आपोआप येतो. मार्चमध्ये त्याच परिणामासाठी कागदावर पाणी मारून मारून थकायला होतं. एकेका पानाचा नेटका अभ्यास मात्र ऑक्टोबरनंतरच करावा. एका थरावर दुसरा थर स्वच्छ बसायला पहिला पूर्ण वाळलेला लागतो.

खरा त्रास रंगांचा नसतो, कागदाचा असतो. कागदावर जिलेटिनचं किंवा तत्सम सायझिंग असतं, रंग वर टिकतो तो त्याच्यामुळे. दमट कपाटात ते बिघडलं की कागद टिपकागद होतो: ब्रश टेकवला की रंग आत गेलाच, उचलता येत नाही. वर बुरशीचे ठिपके वेगळेच. कागद भिंतीला टेकून ठेवू नका, प्लास्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. 300 जीएसएमचा कॉटन कागद महाग पडतो हे खरं, पण सरावाला स्वस्त आणि सबमिशनला चांगला हे गणित मला पटलं नाही. स्वस्त लगद्याच्या कागदावर तिसऱ्या वॉशला गोळ्या निघतात आणि आपल्याला वाटतं हातच वाईट आहे. ट्यूबमधला तयार हिरवा तर बंदच करा. त्यात आंबा, जांभूळ, उंबर सगळे एकाच नर्सरीतले दिसतात.

पावसाळ्यातलं दुसरं निर्धास्त माध्यम म्हणजे कोळसा किंवा पावडर (कोरडी भुकटी कागदावर घासून छटा काढायच्या), कारण त्यात वाळण्याचा प्रश्नच नाही. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. पडद्यावर नायक म्हणून गाजलेल्या या माणसाने पावडर शेडिंगमध्ये केलेली निसर्गदृश्यं तिथे बघायला मिळतात. कोल्हापुरात राहून ती न बघणारे विद्यार्थी बरेच आहेत, याचं मला नवल वाटतं. वडाच्या सालीसाठी मला कोळशाच्या जवळपास दुसरं काही पोचलं नाही. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पुसू नये म्हणून मारायचा फवारा, मात्र पाऊस चालू असताना मारू नका, आणि बंद खोलीत तर कधीच नाही.

लाल मातीच्या कच्च्या फरशीवर पान दाबून ठसा घ्यायचा प्रकारही पावसात बरा जमतो. माती सावकाश वाळते, म्हणून कडा वर वळत नाहीत, तडे कमी. शिरांची बाजू खाली ठेवून लाटणं फिरवायचं. पान काढलं नाही तरी भट्टीत जळून जातं. शाडूवर ठसा फार सुरेख उठतो, पण शाडू भाजत नाहीत, पाणी लागलं की गेलं. आणि गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभारगल्लीत भट्टीची चौकशी करायला जाऊ नये. तिथे तेव्हा कुणाला श्वास घ्यायलाही वेळ नसतो.

लिनोबद्दल, म्हणजे कोरून ठसे छापायच्या लिनोलियमबद्दल, थोडक्यात: थंडीत तो कडक होतो, कापण्याआधी उन्हात ठेवा. नंदलाल बोस यांचं 1930 सालचं दांडीयात्रेतल्या गांधीजींचं लिनोकट आठवा, किती थोडक्या रेषांत उभं आहे. नेच्याचं प्रत्येक बारीक पान कोरायचा हट्ट धरणाऱ्यांनी हे माध्यम सोडून द्यावं.

सायनोटाइपवर, म्हणजे उन्हाने निळा ठसा छापायच्या पद्धतीवर, मात्र मी जास्त लिहिणार, कारण गैरसमज जास्त आहेत. जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालाचे ठसे याच पद्धतीने छापायला घेतले. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण मंद उजेडात कागदावर लावायचं, अंधारात वाळवायचं, वर पान आणि काच ठेवून उन्हात न्यायचं, मग साध्या पाण्यात धुवायचं. हातमोजे घालायचे, द्रावण तीव्र आम्लापासून लांब ठेवायचं. पावसाळ्यात हा उद्योग करू नका. अतिनील किरण ढगातूनही येतात, पण किती ते दर मिनिटाला बदलतं, आणि लेप नीट वाळतच नाही. डिसेंबरपासून पुढे मजा आहे.

पान निवडणं हा यातला अर्धा भाग. सागाचं पान दिसायला भारदस्त, छापल्यावर नुसता पांढरा डाग, कारण उजेड आरपार जातच नाही. नेचा, गवताची कणसं, कोवळं पिंपळपान चालतं. सगळ्यात उत्तम पाण्यात कुजवून केलेली पिंपळाची जाळी. एकेक शीर उमटते. धुताना सोडा किंवा साबण नको, अल्कलीने निळा उडतो. उन्हात फिकी झालेली प्रिंट काही दिवस अंधारात ठेवली तर रंग बराच परत येतो, हे खरंय, करून बघितलंय. एक तक्रार: सायनोटाइप पटकन सुंदर दिसतं, म्हणून ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, कौतुक होतं आणि आपण चित्र काढणं विसरतो. पानाच्या कडेला दाते किती अंतरावर आहेत हे मला जलरंगाने शिकवलं, सायनोटाइपने नाही.

वनस्पतींच्या रंगांना तर पंचांगच लागतं. सागाची कोवळी पालवी पावसाच्या सुरुवातीला चुरगळली की तळवा लाल होतो. जुन्या, राठ पानात तो रंग नाही. पळस फुलतो फाल्गुनाच्या सुमारास. फुलं उकळून निघणारा केशरी-पिवळा रंग रंगपंचमीला उत्तम, पण उन्हात टिकत नाही, आणि हळद तर त्याहून लवकर उडते. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून आणि मग तुरटीतून काढलं तर रंग धरतं. गंजक्या खिळ्यांचं पाणी हिरड्यावर पडलं की करडा-काळा येतो, आणि पानांच्या कडा त्यात सुरेख उठतात. हे कापड भिंतीवर लावायचं असेल तर खिडकीसमोरची भिंत सोडा.

पैसे मोजके असतील तर जूनमध्ये कोळसा आणि थोडा कॉटन कागद घ्या, सायनोटाइपची रसायनं दिवाळीनंतर, तीही दोघा-तिघांत मिळून. लिनोची हत्यारं विकत घेऊ नका, सीनियरकडून मागून आणा, तेही आणलेलीच वापरत असतात.