जुनं पुस्तक घ्याल तर शेवटची पानं आधी बघा (कुडाळ)

कुडाळच्या बाजारातलं जुन्या पुस्तकांचं दुकान, नाव देत नाही कारण काका माणूस चांगला आहे आणि खाली तक्रारच आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे ग्रीक शोकांतिकांचा इंग्रजीतला जाड ठोकळा मिळाला, सांगितले १५०, घासाघीस करून १२०. बुरशीचा वास असा की आईने आठवडाभर पडवीतच ठेवायला लावला.

पण आत माल जबरदस्त. एस्किलसचं 'पर्शियन्स' इ.स.पूर्व ४७२ चं, आणि हा गडी स्वतः पर्शियनांशी लढलेला तरी नाटक घडतं ते हरलेल्या पर्शियन राजाच्या घरी, त्याची आई वाट बघत बसलीय. सोफोक्लीसने शंभराच्या वर नाटकं लिहिली, पूर्ण उरली ७. वाळवीला लाजवेल असा काळ.

मग युरिपिडीसची 'मीडिया' घेतली (बातम्यांवाली नाही, बाईचं नाव). नवऱ्याने राजाच्या पोरीशी लग्न केलेलं, ही स्वतःच्या पोरांना मारायला आत गेली, आतून पोरं ओरडतायत, बाहेर कोरसच्या (नाटकभर गाणारा, बोलणारा घोळका) बायका आत जाऊ का म्हणून घुटमळतायत, माझ्या अंगावर काटा, पान उलटलं तर थेट पुढचं नाटक!! मधली पानंच गायब.

दुकानात गेलो तर काका म्हणतात, "शेवटाक सगळे मरतलेच, तेच्यात काय बघूचा?"

अर्धं बरोबर आहे म्हणा. अथेन्समध्ये डायोनिसस देवाच्या उत्सवात नाटकं बघणाऱ्यांनाही बहुतेक गोष्टी आधीच ठाऊक असायच्या, आपण दशावताराला बसतो तेव्हा राक्षस मरणार हे कुणाला माहीत नसतं? बायकांची कामं तिकडेही पुरुषच करायचे. पण नेमकं इथे काका फसले. पुतणीने फोनवर शोधून शेवट वाचून दाखवला, मीडिया मरतच नाही! आजोबा सूर्य, त्याने दिलेल्या रथात पोरांची प्रेतं घेऊन ती वर, नवरा खाली बोंबलतोय, निदान हात तरी लावू दे म्हणतोय, आणि ही चालली अथेन्सला. इ.स.पूर्व ४३१ च्या स्पर्धेत युरिपिडीस तिसरा आला, तिघांत तिसरा, पहिला कोण तर एस्किलसचा मुलगा. परीक्षक तेव्हापासूनच तसले.

पैसे परत नाहीत, बदल्यात दुसरं काहीतरी उचल म्हणाले, दिवाळी अंकांचा गठ्ठा आणला. तीन स्टार. छत्री बाहेरच ठेवा नायतर काका ओरडतात.