चार्जिंग केंद्राची पारख फलकावरच्या किलोवॅटवरून करू नये

विजेवर चालणाऱ्या मोटारीचे परीक्षण लिहिताना तिचा पल्ला, वेग आणि आतली जागा यांवर रकानेच्या रकाने खर्ची पडतात. परंतु ज्या सेवेवाचून ती मोटार लांबच्या प्रवासाला निघूच शकत नाही, त्या सार्वजनिक चार्जिंग केंद्रांची तितक्या बारकाईने तपासणी क्वचितच होते. या सेवेचा नियमित ग्राहक म्हणून तिचे परीक्षण येथे करीत आहे. माझे मत असे की बॅटरीत वीज भरण्याचे तंत्र आता चांगले मुरले आहे, पण केंद्र चालवण्याचे काम अजून कच्चे आहे, आणि फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेला किलोवॅटचा आकडा या दुसऱ्या गोष्टीविषयी ग्राहकाला काहीही सांगत नाही.

तो आकडा पहिल्या गोष्टीविषयीही पुरते सांगत नाही. १५० किलोवॅटच्या यंत्राला गाडी जोडली की १५० किलोवॅट मिळणारच, असा समज नव्या मालकांमध्ये सर्रास आढळतो. शक्ती म्हणजे विद्युतदाब आणि प्रवाह यांचा गुणाकार; त्यांतला दाब गाडीच्या बॅटरीवर अवलंबून असतो आणि प्रवाहाची कमाल मर्यादा यंत्र व केबल ठरवतात. ५० किलोवॅटच्या अनेक जुन्या यंत्रांची मर्यादा १२५ अँपिअर असते, म्हणजे ३५० व्होल्टच्या बॅटरीला त्यांतून जेमतेम ४४ किलोवॅट मिळतात आणि यंत्रात काडीचाही बिघाड नसताना ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते. दुसऱ्या टोकाला, ३५० किलोवॅटच्या यंत्राची द्रवाने थंड ठेवलेली जाड केबल ५०० अँपिअर वाहून नेत असली, तरी ४०० व्होल्टच्या गाडीला तेथे २०० किलोवॅटच्या वर मिळणे शक्य नसते. फलकावरच्या आकड्याच्या जवळपास जाण्याची सोय केवळ ८०० व्होल्टच्या आसपास चालणाऱ्या गाड्यांनाच असते. आपल्या गाडीची मर्यादा १०० किलोवॅट असेल, तर ३५० किलोवॅटचे यंत्र अडवून ठेवण्यात आपला काही लाभ नाही, आणि मागून येणाऱ्याचे मात्र नुकसान आहे.

त्यात पुन्हा यंत्राच्या एकाच कपाटातून निघणाऱ्या दोन गनांमध्ये, म्हणजे गाडीत खुपसायच्या केबलच्या टोकांमध्ये, शक्तीची वाटणी होते. १२० किलोवॅटच्या यंत्रावर आपण एकटे असताना पडद्यावर सुखावणारा आकडा दिसत असतो, शेजारी दुसरी गाडी येऊन लागते आणि तो आकडा डोळ्यांदेखत ६० वर उतरतो. ही वाटणी गैर नाही, उलट उपलब्ध वीजजोडणीचा तो शहाणपणाचा वापर आहे. मात्र ती कशी होते हे यंत्रावर स्पष्ट लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. बहुतेक ठिकाणी ते लिहिलेले नसते.

बॅटरी किती भरलेली आहे, यावरही वेग ठरतो. ६० युनिटांच्या बॅटरीत १० ते ८० टक्क्यांपर्यंतची भरणी म्हणजे ४२ युनिटे. उरलेल्या २० टक्क्यांची अवघी १२ युनिटे भरायला अनेक गाड्या जवळजवळ तितकाच वेळ घेतात, कारण बॅटरीतील पेशींचा दाब कमाल मर्यादेजवळ आला की गाडीची यंत्रणा प्रवाह उतरवत नेते. म्हणून वाटेत ८० टक्क्यांना उठावे आणि पुढच्या केंद्रावर पुन्हा थोडे भरावे, हा अनुभवी चालकांचा परिपाठ हिशेबाला धरून आहे, अर्थात पुढचे केंद्र चालू असेल तर. थंड हवेत बॅटरी गार असताना मोठा प्रवाह दिल्यास लिथियम धातूरूपाने पेशीच्या ऋणाग्रावर (ऋण टोकावर) साचण्याचा धोका असतो, त्यामुळे गाडी स्वतःच वेग कमी मागते. ज्या गाड्यांमध्ये मार्गदर्शक नकाशात केंद्राचे ठिकाण टाकल्यावर बॅटरी वाटेतच ऊबदार करण्याची सोय आहे, त्यांच्या मालकांनी रस्ता पाठ असला तरी ते ठिकाण टाकावे. कडक उन्हात यंत्रेही तापून आपली शक्ती घटवतात, आणि हवेच्या जाळ्या धुळीने बुजलेल्या असतील तर लवकर घटवतात. केंद्राच्या उद्घाटनाला फीत कापण्यासाठी जितकी मंडळी जमतात, त्यांतले एक जण जरी महिन्यातून एकदा ती जाळी झटकायला आले, तरी या तक्रारीतला बराच भाग मिटेल.

घरातल्यासारखी प्रत्यावर्ती वीज देणाऱ्या एसी यंत्रांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. २३० व्होल्ट आणि ३२ अँपिअरवर ती ७.४ किलोवॅट देतात, तिन्ही फेज असतील तर २२. पण तेथे अंतिम शब्द गाडीतल्या चार्जरचा असतो आणि तो ७ किंवा ११ किलोवॅटचाच असेल, तर यंत्र कितीही मोठे असून उपयोग नाही. जेथे गाडी तशीही रात्रभर किंवा दिवसभर उभी राहणार आहे, तेथे ही यंत्रे उत्तम, बिनबोभाट चालणारी आणि बॅटरीला सोसणारी आहेत.

खरी परीक्षा असते ती थेट बॅटरीला वीज देणाऱ्या डीसी केंद्रावर, गन लावल्यापासून वीज वाहू लागेपर्यंतच्या अर्ध्याएक मिनिटाची. सीसीएस या जलद भरणीच्या प्रचलित पद्धतीच्या गनमध्ये दोन जाड डीसी पिनांच्या जोडीला काही बारीक पिना असतात. त्यांतल्या एका पिनेवर १२ व्होल्टचा संकेत असतो. गन गाडीत बसली की तो ९ व्होल्टांवर येतो आणि गाडी वीज घ्यायला सिद्ध झाली की ६ व्होल्टांवर उतरतो. त्याच तारेवरून गाडी आणि यंत्र एकमेकांना आपापल्या मर्यादा कळवतात. मग गनला अडकवणारी खीळ पडते, केबलच्या विलगतेची, म्हणजे वीज कोठे गळत नाही ना याची, चाचणी होते, यंत्र आपला दाब बॅटरीच्या दाबाशी जुळवून घेते आणि शेवटी गाडीच्या पोटातून कॉन्टॅक्टरचा, म्हणजे बॅटरी जोडणाऱ्या मोठ्या स्विचचा, ‘खट्’ असा आवाज येतो. तो ऐकू आला की निर्धास्तपणे चालू लागावे. पडद्यावरचे हिरवे चिन्ह त्याच्या आधीच उमटू शकते, त्यावर विसंबू नये.

या साखळीतली एकही कडी निसटली, तर पडद्यावर ‘त्रुटी’ एवढाच शब्द आणि सोबत एक सांकेतिक क्रमांक झळकतो, ज्याचा अर्थ ग्राहकाला कोणीही सांगितलेला नसतो. बऱ्याचदा कारण अगदी किरकोळ असते. केबल जड असल्याने गन खोबणीत किंचित खाली झुकते आणि बारीक पिनांचा स्पर्श नीट होत नाही. अशा वेळी खीळ पडेपर्यंत गन हाताने थोडी वर उचलून धरली की काम होते. तेवढ्याने भागले नाही तर सत्र बंद करावे, गन पुन्हा तिच्या खुंटीवर नीट ठेवावी, मिनिटभर थांबून नव्याने आरंभ करावा, आणि तरीही जमले नाही तर त्याच यंत्राशी झटत न बसता दुसरी गन गाठावी. भरणी संपल्यावर गन सुटत नसेल, तर आधी किल्लीने गाडी एकदा बंद करून उघडून पाहावी. अनेक गाड्यांत खीळ हाताने सोडवण्यासाठी डिकीत किंवा बॉनेटखाली एक दोरी दिलेली असते, तिची जागा माहितीपुस्तिकेतून आधीच शोधून ठेवलेली बरी. आणि यंत्रावरचे लाल बटण हे भरणी थांबवण्यासाठी नसते. ते आणीबाणीचे बटण आहे. कोणी उगाच दाबून ठेवले असेल तर अख्खे यंत्र मेल्यासारखे उभे राहते, आणि अनेक ठिकाणी केंद्राचा माणूस येऊन ते पूर्ववत करीपर्यंत कोणालाच वीज मिळत नाही.

पैसे देण्याची व्यवस्था ही या सेवेची सर्वांत दुबळी बाजू आहे, आणि ती दुबळी राहण्याला तांत्रिक कारण उरलेले नाही, म्हणून तिचा राग अधिक येतो. दर कंपनीचे वेगळे ॲप, प्रत्येक ॲपमध्ये आगाऊ भरलेली वेगळी शिल्लक आणि प्रत्येकाची वेगळी नोंदणी, हा पसारा ग्राहकाच्या सोयीसाठी मांडलेला नाही. तळघरातल्या एका केंद्रावर मोबाइलला सिग्नल मिळेना, म्हणून गन लावून मी वरच्या उतारापर्यंत चढून गेलो आणि तेथून ॲपवर सत्र सुरू केले. खाली पोहोचेपर्यंत यंत्राने वाट पाहणे सोडून दिलेले होते. नेहमीच्या बँक कार्डाचा स्पर्श स्वीकारणारे एक साधे उपकरण तेथे असते, तर हा खटाटोप टळला असता. युरोपीय संघाने १३ एप्रिल २०२४ पासून नव्याने बसवल्या जाणाऱ्या ५० किलोवॅट व त्यावरील सार्वजनिक यंत्रांना कार्डाने पैसे घेण्याची सोय बंधनकारक केली, ती उगाच नव्हे. याहून पुढची पायरी म्हणजे आयएसओ १५११८ या मानकातील व्यवस्था, जिच्यात गाडी स्वतःची ओळख यंत्राला पटवून देते आणि चालकाने गन लावण्यापलीकडे काहीच करायचे नसते. ज्या मोजक्या ठिकाणी गाडी आणि केंद्र दोघेही ती पाळतात, तेथे हा सारा व्यवहार इतका सहज होतो की इतरत्र आपण काय सोसत होतो ते तेव्हाच कळते.

भरवशाविषयीची तक्रार ही चालकांची कुरकुर नाही, हे दाखवणारी मोजमापे उपलब्ध आहेत. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात २०२२ मध्ये प्रत्यक्ष केंद्रांवर जाऊन केलेल्या एका पाहणीत सीसीएसच्या ६५७ गन तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी ७२.५ टक्केच चालू आढळल्या. बंद पडण्याच्या कारणांत प्रतिसाद न देणारे पडदे, पैसे न स्वीकारणारी व्यवस्था, तुटलेले संपर्कजाळे आणि मोडलेल्या गन असे सर्व काही होते. शिवाय सुमारे पाच टक्के ठिकाणी केबल गाडीच्या खोबणीपर्यंत पोहोचतच नव्हती. शेवटचा दोष मला सर्वांत बोलका वाटतो, कारण कोणत्या गाडीची खोबण पुढे, कोणाची मागे, कोणाची डाव्या अंगाला, हे कोणालाही दिसण्यासारखे आहे, आणि तरीही केबल आखूडच बसवली जाते. ब्रिटनने २०२३ च्या नियमांनी ५० किलोवॅट व त्यावरील यंत्रांच्या प्रत्येक जाळ्याला वर्षाच्या सरासरीने ९९ टक्के काळ चालू राहण्याची अट घातली. अशी अट असली की यंत्र चालू असल्याची व्याख्याही करावी लागते. ॲपवर ‘उपलब्ध’ दिसणे याचा अर्थ यंत्राचा सर्व्हरशी संपर्क आहे, इतकाच होऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी त्या खुणेपेक्षा तेथे शेवटची यशस्वी भरणी केव्हा झाली ते पाहावे. काही ॲप ही वेळ दाखवतात, आणि केवळ तेवढ्यासाठी ती मोबाइलमध्ये ठेवण्याजोगी आहेत.

एवढ्या वापरानंतर माझी निवड ठरून गेलेली आहे. एका बलाढ्य यंत्राच्या केंद्रापेक्षा मध्यम शक्तीच्या चार-सहा गन असलेले केंद्र मी पसंत करतो, मग त्यासाठी थोडी वाट वाकडी करावी लागली तरी चालेल. एक गन बंद असली तरी तेथे अडून पडायला होत नाही आणि रांगही लवकर सरकते. डोक्यावर छप्पर, रात्री पुरेसा उजेड, चाकाच्या खुर्चीतून उतरणाऱ्यालाही गन हाताळता येईल इतकी मोकळी जागा आणि फोन उचलणारा माणूस या गोष्टी कंपन्यांच्या जाहिरातीत नसतात, पण पावसात ओली केबल ओढताना त्यांचीच किंमत कळते. (पावसात गन लावणे धोक्याचे नाही, गन गाडीत खिळीने अडकल्याखेरीज जाड पिनांत वीज येतच नाही.) भरणी संपल्यावरही जागा अडवून ठेवणाऱ्या गाड्यांवर मिनिटागणिक दंड आकारण्याची प्रथा टेस्लाने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या जाळ्यात सुरू केली, ती जेथे आहे तेथे रांगेची शिस्त चटकन लागते, आणि जेथे नाही तेथे पूर्ण भरलेली गाडी सोडून मालक निवांत निघून गेलेला आढळतो.

पावतीकडेही लक्ष असावे. आकारणी युनिटांवर असेल तर हिशेब सरळ आहे. मिनिटांवर असेल, तर हळू वीज घेणाऱ्या गाडीला तीच युनिटे महाग पडतात आणि ८० टक्क्यांनंतर रेंगाळणे खिशाला जड जाते. यंत्राच्या पावतीवरची युनिटे आणि गाडीच्या पडद्यावर वाढलेली युनिटे यांत थोडा फरक राहणे स्वाभाविक आहे, कारण भरणी चालू असताना गाडी बॅटरी थंड किंवा गरम राखण्यासाठीही त्यातलीच वीज वापरते. हा फरक दर वेळी एकाच केंद्रावर मोठा येत असेल, तर मात्र पावती आणि गाडीच्या पडद्याचे छायाचित्र जोडून लेखी तक्रार करावी. पावतीवर युनिटे, वेळ आणि दर हे तिन्ही छापलेले नसतील, तर तक्रारीचा पहिला मुद्दा तोच ठेवावा.