ग्रीक शब्दखंड पाठ करायला अंकी ॲप: एका स्टाफ नर्सचा अनुभव

यूरॉलॉजीच्या वॉर्डात नवीन सिस्टर आली की मी तिला आधी तीन शब्द विचारते: नेफ्रेक्टमी, नेफ्रॉस्टमी, नेफ्रोलिथॉटमी. 'नेफ्रॉस' म्हणजे ग्रीकमध्ये मूत्रपिंड, इथवर सगळ्यांना येतं. गडबड होते ती पुढच्या भागात. 'एक्टमी' म्हणजे कापून काढून टाकणं. 'स्टोमा' म्हणजे तोंड, म्हणून ऑस्टमीत बाहेर पडायला वाट करून दिलेली असते. 'लिथॉस' म्हणजे दगड आणि 'टोमी' म्हणजे छेद. एकात किडनी गेली, दुसऱ्यात पाठीतून नळी घातली, तिसऱ्यात खडा काढला. पेशंटची आई दाराशी येऊन "सिस्टर, किडनी काढली का हो?" असं विचारते, तेव्हा हे डोक्यात पक्कं असावं लागतं.

पाठ करायला मी अंकी वापरते आणि मुलींनाही तेच घ्यायला सांगते. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला त्याची फोड आणि मराठी अर्थ. देवनागरी नीट दिसते. आठवलं नाही तर 'अगेन' दाबायचं, कार्ड लगेच परत येतं. आठवलं तर 'गुड', मग ते दर खेपेला अधिक दिवसांनी येतं. कार्ड उलटसुलट दोन्हीकडून विचारायची सोय आहे, ती जरूर वापरा. 'कोलेसिस्टेक्टमी' वाचून पित्ताशय आठवणं सोपं, पित्ताशयावरून शब्द जुळवणं अवघड. रोज 20 नवी कार्डं हे मूळ सेटिंग असतं. ड्युटी करणाऱ्या मुलीला ते झेपत नाही, नाइटच्या आठवड्यात ढीग साचतो. आधीच कमी करून घ्या.

इतरांनी बनवलेले तयार संच मात्र मला पसंत नाहीत. मी उतरवून घेतलेल्या एका संचात 'मायलो'चा अर्थ फक्त अस्थिमज्जा दिला होता. मायलोमाला (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) तो लागू पडतो, पण मायलायटिसमध्ये (मज्जारज्जूचा दाह) तोच 'मायलो' म्हणजे मज्जारज्जू. असा अर्धा अर्थ एकदा डोक्यात बसला की काढणं कठीण. कार्डं आपली आपण, आपल्या वॉर्डातल्या केस पेपरवरून करावीत. फक्त पेशंटचं नाव, नंबर काही लिहू नये.

'हायपो' (कमी) आणि 'हायपर' (जास्त) यांच्यासाठी सुटी कार्डं पुरत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. एकेकटी आली की दोन्ही येतात, समोर रिपोर्ट आला की घोटाळा होतो. म्हणून मी प्रश्नच तसा लिहिते: शुगर 40, पेशंटला दरदरून घाम, काय म्हणाल? 'टॅकी' (जलद) आणि 'ब्रॅडी' (मंद) यांची कार्डंही नाडीचे आकडे देऊन केली आहेत.

अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर हे फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींसाठी आणखी एक सोय मोलाची आहे: कार्डावर आवाज टाकता येतो. 'टोसिस'च्या (पापणी खाली उतरणं) स्पेलिंगमधला पहिला पी उच्चारायचा नसतो, 'न्यूमो'चाही (फुप्फुस किंवा हवा) नाही. राउंडला उच्चार चुकेल या भीतीने मुली बोलतच नाहीत. म्हणून असे शब्द मी स्वतःच्या आवाजात, सावकाश, दोनदा म्हणून ठेवले आहेत.