नागपूरच्या धंतोलीतली पॅथॉलॉजी लॅब: 'सारखी टेस्ट करू नका' असं सांगणारी

जानेवारीत बाबांना स्टेंट बसला. तेव्हापासून रोज रात्री ॲटोरव्हास्टॅटिन ४०, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी 'स्टॅटिन' गटातली गोळी. मार्चअखेरीस एका दुसऱ्याच लॅबचं स्वस्तातलं पॅकेज केलं आणि रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम) ९६, लाल अक्षरात, पुढे वर जाणारा बाण. फोन केला तर कोणी उचलेना. बाबांनी गोळ्यांची स्ट्रिप उचलून कपाटात टाकली. "लिव्हर खराब होत असन तर काहून खाऊ?" चार दिवस गोळी बंद. स्टेंटच्या माणसाची!

पाचव्या दिवशी बाबांना आणि तोच रिपोर्ट घेऊन मी या लॅबमध्ये गेले. टेस्ट पुन्हा करून घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. काउंटरवरच्या मुलीनं पावती फाडायच्या आधी आतल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना कागद दाखवला, आणि मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. या लॅबला मी पाच स्टार देते ते त्या पंधरा मिनिटांसाठी.

त्यांनी आधी हॉस्पिटलची फाइल मागितली. गोळी सुरू व्हायच्या आधीचा एसजीपीटी त्यात होता, ३४. मग पेन घेऊन हिशेब मांडला: नॉर्मलची वरची हद्द ४५, डॉक्टर खरी काळजी करतात ती तिप्पट झाल्यावर, म्हणजे १३५च्या पुढे. बिलिरुबिन ०.८, म्हणजे काविळीचं नाव नाही. स्टॅटिन लिव्हरमध्येच काम करतं, कोलेस्टेरॉल तयार करणारं एन्झाइम तिथेच अडवतं. त्यामुळे पहिल्या तीनेक महिन्यांत काही जणांचे आकडे थोडे चढतात आणि बऱ्याचदा गोळी चालू असतानाच उतरतात. तिप्पटीच्या वर जाणारे शंभरात एखाद-दोन, डोस मोठा असेल तर जास्त. लिव्हरला खरी गंभीर इजा फारच क्वचित. पण लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मग विचारलं, "आणखी काय घेता काका?" बाबा गप्प. मीच सांगितलं, गुळवेल. मानेवाड्याच्या आमच्या घरामागं कडुनिंब आहे, त्यावर अंगठ्याएवढी जाड वेल चढली आहे. हॉस्पिटलातून आल्यावर ताकद यावी म्हणून बाबा रोज सकाळी वीतभर तुकडा कापून, ठेचून, उकळून पीत होते. मॅडमनी तो शब्द रिपोर्टच्या मागे लिहून खाली रेघ ओढली. गुळवेलीच्या काढ्यानंतर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस करोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत, म्हणाल्या. "गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. आजच कार्डिओलॉजिस्टला फोन करा. टेस्ट आज नको, पैसे वाया जातील."

रामदासपेठच्या आमच्या डॉक्टरांनी गोळी त्याच रात्री सुरू केली, काढा बंद केला, आणि सहा आठवड्यांनी एलएफटी, म्हणजे लिव्हरच्या कामाची रक्त-तपासणी, सांगितली.

ती मे महिन्यात इथेच केली. पंचेचाळीस डिग्रीच्या दिवसांत सॅम्पल न्यायला मुलगा सकाळी पावणेसातला घरी हजर, सोबत बर्फाची पेटी. बाबांची शीर लवकर सापडत नाही, त्यानं घाई केली नाही. एकाच टोचण्यात काम. साडेपाचशे रुपये, घरी यायचे वेगळे काही नाहीत. रिपोर्ट संध्याकाळी पाचला: एसजीपीटी ४१. काढा थांबला म्हणून उतरला की आपोआप, डॉक्टर म्हणाले दोन्ही शक्य आहे. काढा मात्र बंदच.

मी मॅडमना विचारलं, आता दर तीन महिन्यांनी करू का? नाही म्हणाल्या. अमेरिकेच्या एफडीएनंसुद्धा (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१२ मध्ये स्टॅटिनवाल्यांची ठरावीक काळानं एलएफटी करायची शिफारस काढून टाकली. गोळी सुरू करण्याआधी एकदा, नंतर लक्षणं दिसली किंवा डॉक्टरांनी सांगितलं तरच. लॅबवाल्यांच्याच तोंडून हे ऐकलं, म्हणून तर इतकं लिहिते आहे.

तक्रारी दोन. गाडी लावायला जागा अजिबात नाही, ऑटोनं या. आणि रिपोर्ट फक्त इंग्रजीत. बाबांसाठी मॅडमनी ४१च्या पुढे पेनानं मराठीत 'ठीक' लिहून दिलं. तो कागद बाबांनी फाइलमध्ये सगळ्यात वर लावला आहे.