पतसंस्था की सहकारी बँक? ठेव कुठे, कर्ज कुठे

आत्या निवृत्त झाली, हातात 12 लाख आले. पेठेतल्या पतसंस्थेत ठेवू की शेजारच्या नागरी सहकारी बँकेत, असं तिनं विचारलं. तिच्या लेखी दोन्ही एकच: दोन्ही सहकारी, दोन्हींत ओळखीची माणसं. पण ठेवीच्या बाबतीत त्या एक नाहीत.

सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो, आणि तिथली ठेव विम्यात बसते. 4 फेब्रुवारी 2020 पासून या विम्याची मर्यादा 5 लाख आहे, त्याआधी 1 लाख होती. हे 5 लाख व्याज धरून आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या ठेवी मिळून. पतसंस्था 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली चालते, तिच्यावर देखरेख सहकार खात्याची. तिथे हा विमा नाही. बहुराज्यीय पतसंस्था केंद्रीय निबंधकांकडे नोंदलेली असते, पण विमा तिलाही नाही. पाटी मोठी, शाखा वातानुकूलित म्हणून यात फरक पडत नाही.

विमा आहे म्हणून बँकही डोळे झाकून निवडू नका. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, म्हणजे ठेवी हव्या तशा काढता येईनात, आणि परवाना रद्द झाला 2022 मध्ये. इतकी वर्षं ठेवीदार खेटे घालत राहिले. 2021 च्या कायदा दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम साधारण 90 दिवसांत मिळण्याची तरतूद झाली, हा मोठा दिलासा आहे.

कर्जाचं गणित मात्र उलटं. माझ्या मामेभावाचं किराणा दुकान आहे. रोज संध्याकाळी पतसंस्थेचे पिग्मीवाले (रोजची छोटी बचत गोळा करणारे) काका येतात, शंभराची नोट घेतात, हातातल्या मशीनमधून पावती फाडून देतात. भावाला पिठाची गिरणी घ्यायची होती. बँकेनं तीन वर्षांची आयकर रिटर्न मागितली, ती त्याच्याकडे नव्हती. पतसंस्थेकडे त्याच्या चार वर्षांच्या पिग्मीचा हिशेब होता. दुकान चालतं की नाही, हे त्यांना रोजच दिसत होतं. आठवड्यात कर्ज मंजूर झालं. व्याज बँकेपेक्षा जास्त पडलं, सभासद म्हणून घ्यायच्या शेअर्सचे पैसे कर्जातूनच कापले गेले, तरी दिवाळीच्या आत गिरणी सुरू झाली. छोट्या गावातल्या धंदेवाल्याला असा आधार दुसरीकडे सहज मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

जामीन राहताना मात्र शंभरदा विचार करा. एका मित्रासाठी मी सही केली, त्याचे हप्ते थकले आणि सहकार कायद्याच्या कलम 101 खालच्या वसुलीच्या कागदांवर माझंही नाव आलं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. हे सही करताना मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मालकीचं म्हणाल तर दोन्हीकडे एक सभासद, एक मत. शेअर्स कितीही असोत. नुसत्या ठेवीदाराला किंवा नाममात्र (फक्त नावापुरत्या) सभासदाला मत नसतं. फरक पडतो तो आकारामुळे. आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा मंगल कार्यालयात भरते, सत्तर-ऐंशी माणसं असतात. थकबाकी का वाढली असं मी उभं राहून विचारलं, तेव्हा अध्यक्षांना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागलं. ही सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. चहा-नाश्त्याआधी अहवालाची पुस्तिका उघडा: ऑडिटमध्ये संस्थेला कोणता वर्ग मिळाला, एनपीए (थकीत, बुडण्याच्या बेतातलं कर्ज) किती, संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय. पुस्तिका द्यायलाच टाळाटाळ होत असेल, किंवा ठेवीवरचा दर आसपासच्या सगळ्यांपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी जास्त असेल, तर तिथे पैसे ठेवू नका.

आत्याला मी सांगितलं: दोन वेगळ्या सहकारी बँकांत चार-चार लाख, म्हणजे व्याज धरूनही विम्याच्या आत. उरलेले राष्ट्रीयीकृत बँकेत. पतसंस्थेचे शेअर्स घेऊन नियमित सभासद हो, आणि महिना हजाराचं आवर्ती खातं उघड. तिनं तसंच केलं, फॉर्मवर वारसाचं नावही लिहिलं. यंदाच्या सभेला ती माझ्यासोबत येणार आहे.