थंडीतील मोटरहोम: नळ्या रिकाम्या कराव्यात की उबदार ठेवाव्यात?

निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. तरीही नाशिकमध्ये उभ्या असलेल्या मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, पाण्याच्या नळ्या सहसा गोठत नाहीत. तीच गाडी हिवाळ्यात हिमाचलमधल्या अतिथंड स्पितीला न्यायची ठरली, की प्रश्न गंभीर होतो, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि नळ्यांचे जोड, तोट्या व पंप फुटू शकतात.

पहिला मार्ग नळ्या रिकाम्या करण्याचा. टाकी व थंड झालेला गिझर उघडून पाणी सोडावे, कमी दाबाच्या हवेने नळ्या फुंकून घ्याव्यात आणि बेसिनखालच्या वाकलेल्या नळीत व पंपात उरणाऱ्या पाण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गोठणरोधक द्रावण वापरावे. येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: रेडिएटरसाठीचे कूलंट बहुधा एथिलीन ग्लायकॉलचे असते, ते विषारी आहे आणि पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत त्याचा थेंबही जाता कामा नये.

दुसऱ्या मार्गात नळ्यांना फोमचे आवरण आणि टाकीखाली १२ व्होल्टचे हीटर पॅड बसवतात. नळ चालू राहतो, ही सोबत लहान मुले असताना मोठीच सोय. मात्र आवरण स्वतः ऊब निर्माण करत नाही, आणि पहाटे गारठा सर्वाधिक असतो तेव्हाच बॅटरीची क्षमताही घटलेली असते.

म्हणून मुक्कामी रात्रभर विजेची खात्री नसेल, तर मी नळ्या रिकाम्याच ठेवीन आणि पिण्याचे पाणी कॅनमध्ये भरून आत, अंथरुणाजवळ ठेवीन.